परत सांगा

"सरका आत, तिसरी सीट येतेय," शेअर रिक्षावाला म्हणाला, आणि मागे बसलेल्या तरुणाने उजव्या हाताचा पंजा वर केला.

"थांबा," तो म्हणाला. "कळलं नाही. परत सांगा."

भरदुपार, भिवंडीचा एसटी स्टँड. मागे दहा-बारा रिक्षा, त्यांच्यामागे एक एसटी, एसटीच्या मागे सुताच्या गोण्या भरलेला टेंपो, आणि सगळ्यांचे हॉर्न चालू. रिक्षावाल्याने परत सांगितलं. मग तेच हिंदीत सांगितलं. "हिंदी नको, मराठी," तरुण म्हणाला. रिक्षावाल्याने तिसऱ्यांदा मराठीत सांगितलं. तरुणाने नीट विचार केला. "तिसरी कळलं. येतेय कळलं. पण सीट तर इथेच आहे. ती येते कुठून?"

रिक्षावाल्याने हँडल सोडून कपाळाला हात लावला.

ती येणारी सीट म्हणजे मी. बाहेर उन्हात छत्री घेऊन उभा होतो. छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या माणसाला अशा वेळी गप्प बसवत नाही. मी डोकं आत घालून त्याला समजावलं की रिक्षावाल्यांच्या भाषेत माणसालाच सीट म्हणतात. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो माझ्या एकाही विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिला नव्हता. "म्हणजे तुम्ही सीट!" असं म्हणून तो सरकला, आणि भिवंडीची वाहतूक पुन्हा सुरू झाली.

हे ब्रदर मातेओ. ब्रदर म्हणजे अजून फादर न झालेला. वय चोवीस, देश बोलिव्हिया. हा देश नकाशात कुठे आहे ते मलाही त्या दिवशी घरी जाऊन चष्मा लावून शोधावं लागलं. तांबूस वर्ण, बसकं नाक, गालाची हाडं वर आलेली. त्यामुळे आमच्या गावात सगळे त्याला नेपाळचा समजत आणि हिंदीत बोलायला लागत. तो थंड, डोंगराळ मुलखातला. भिवंडीच्या उकाड्यात तो दिवसभर डोक्यावर ओला पंचा घेऊन हिंडायचा. त्याच्या खोलीत एक कॉट, एक टेबलफॅन, एक कुकर आणि एक पोतं बटाटे एवढाच संसार होता. त्याच्या देशात बटाट्याच्या शेकडो जाती, आमच्याकडे मात्र एकच मिळते, याचं त्याला मनापासून वाईट वाटायचं. भाजीवालीकडे तो इतर जातींची अशी चौकशी करायचा, जशी आपण दूरच्या नातेवाइकांची करतो.

रिक्षातल्या ओळखीनंतर दोनच दिवसांनी त्याच्या मिशनचे मोठे फादर त्याला घेऊन माझ्या घरी आले. ब्रदरला वर्षभरात मराठी यायला हवी होती. वर्षाच्या शेवटी वसईहून एक विद्वान फादर येऊन तोंडी परीक्षा घेणार होते. पास झाला तर अकलोलीच्या बाजूला आदिवासी पोरांचं त्यांचं एक छोटं होस्टेल आहे, तिथे त्याची नेमणूक. तेच त्याला हवं होतं.

"आणि नापास झाला तर?" मी विचारलं.

"तर परत बोलिव्हिया. कुठल्या तरी ऑफिसात," फादर म्हणाले.

ब्रदरने पंजा वर केला. "थांबा. 'कुठल्या तरी' कळलं नाही." फादरांनी परत सांगितलं. ते कळल्यावर त्याचा चेहरा पडला.

आता त्याच्या त्या पंजाविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्या पंजामुळेच घडलं. हा माणूस कळल्याशिवाय मान हलवत नसे. वाचायला साधं वाटतं, पण करून पाहा. आपण सगळे मान हलवण्यावर जगतो. डॉक्टर काय सांगतात ते कुणाला कळतं? आपण मान हलवतो. बँकेतली मुलगी काचेआडून काहीतरी पुटपुटते, आपण हो म्हणून सही करतो. लग्नात शेजारी बसलेला अनोळखी माणूस बँडच्या आवाजात त्याच्या साडूची सगळी हकिगत सांगतो, आपण हसूनसुद्धा दाखवतो. माझी तर अख्खी नोकरी मुलांच्या मान हलवण्यावर पार पडली. "कळलं का?" "होऽऽ सर!" चला, पुढचा धडा.

मातेओला हे जमतच नव्हतं. एक शब्द जरी निसटला तरी पंजा वर. "थांबा. कळलं नाही. परत सांगा." आवाजात राग नाही, लाज नाही, घाई तर अजिबात नाही. समोरचा कितीही वैतागला तरी हा तसाच प्रसन्न चेहऱ्याने वाट बघणार.

एकदा तो लूम बघायला गेला. पॉवरलूमच्या शेडमध्ये कान फाटतील असा खडखडाट असतो. तिथले कामगार ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलतात. एक उत्तर प्रदेशचा कारागीर त्याला ओरडून सांगत होता की पट्ट्याच्या जवळ उभा राहू नकोस, पंचा अडकेल. हा पंजा वर करून तिथेच उभा! शेवटी त्या बिचाऱ्याने आपला लूम बंद केला, शेजाऱ्याचा बंद करायला लावला, याला हाताला धरून बाहेर गल्लीत आणला आणि सांगितलं, "भाई, पट्टा. खेचेल. मरशील." हे मराठीत. दहा वर्षांत आपण इतकं मराठी कुणाशी बोललो नव्हतो, असं तो कारागीर मला नंतर म्हणाला. पुढे तो रोज शिफ्ट सुटल्यावर याच्याशी मराठी बोलायला थांबायचा.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. परदेशी माणूस आलाय, धर्म बदलायला आलाय, अशी कुजबुज सुरू झाली होती. एका संध्याकाळी चार-पाच पोरं त्याला दम द्यायला त्याच्या खोलीवर गेली. त्यातला पुढारी माझाच एके काळचा विद्यार्थी, म्हणून मला हे साग्रसंगीत कळलं. तो म्हणाला, "सर, आम्ही गेलो, मी म्हटलं, इथे राहायचं तर नीट राहा, नाहीतर परिणाम वाईट होतील. तर तो म्हणतो, थांबा, परिणाम म्हणजे काय? मी सांगितलं. तर म्हणतो, 'नाहीतर' कळलं नाही. ते सांगितलं. मग म्हणतो, पहिल्यापासून परत सांगा. सर, तीच धमकी चौथ्यांदा देताना स्वतःलाच कसंतरी वाटतं हो. शेवटी बाळ्या म्हणाला, अरे, आपण त्याला धमकी देतोय. तर वहीत लिहून घेतलं त्याने, धमकी, स्त्रीलिंगी. आणि आम्हाला उकडलेले बटाटे दिले."

"मग तुम्ही काय केलंत?"

"खाल्ले. मीठ कमी होतं." आणि जरा थांबून म्हणाला, "मी विचारलं त्याला, तू इथे कशाला आलास? तर म्हणाला, ऐकायला. आता यावर काय बोलायचं, सर?"

माझ्याकडे तो रोज सकाळी नऊ वाजता यायचा. मी त्याला माझं मराठी शिकवत होतो. माझं मराठी म्हणजे छापील मराठी, आणि मला त्याचा गर्व होता. इथे माझ्याबद्दल थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही आणि तुम्ही पंजा वर कराल. मी भिवंडीजवळच्या राहनाळ गावचा, आगरी घरातला. घरात सगळे हाय-न्हाय बोलणारे. शहरातल्या शाळेत पहिल्या दिवशी मी "मना ठाव न्हाय" म्हणालो आणि सबंध वर्ग हसला. त्या दिवशी मी ठरवलं की हे बोलणं पुन्हा तोंडातून काढायचं नाही. आणि नाही काढलं. शाळेत नाही, लग्नात नाही, घरी आईशीसुद्धा नाही. नंतर मास्तर झाल्यावर माझ्यासारख्याच पोरांच्या तोंडातलं "न्हाय" मी खडू फेकून फेकून घालवलं. त्या वेळी मला वाटायचं, मी त्यांचं भलं करतोय.

पावसाळा संपता संपता मला मोतीबिंदूचं ऑपरेशन करावं लागलं. पंधरा दिवस शिकवणी बंद. ब्रदरची परीक्षा तर जवळ येत चाललेली. मी म्हटलं, तोवर जाऊन बसू दे आईकडे, निदान कानावर तरी पडेल. आई राहनाळला माझ्या धाकट्या भावाकडे असते. ऐंशीच्या पुढची. आमची शेती होती तिथे आता ऑनलाइन मालाची गोडाउनं आहेत. भावाने दोन मजली बंगला बांधलाय, त्याला रंगीत काचा आहेत, आणि आई त्या बंगल्याच्या मागच्या पडवीत बसून सुकट निवडते. गोडाउनात ड्युटीला जाणारी नातवंडं येता-जाता "काय आजी?" म्हणतात. तिचं उत्तर येईपर्यंत बाइक फाटकाबाहेर गेलेली असते.

पहिल्या दिवशी भाऊ त्याला घेऊन गेला आणि दुभाषा म्हणून शेजारी बसला. आई म्हणाली, "कनचे गावचा रं पोर हा?" भाऊ तिचं बोलणं साध्या मराठीत सांगायला लागला, तर ब्रदरने त्याला थांबवलं. "तुम्ही नको. आई सांगतात." आणि आईकडे पंजा करून म्हणाला, "थांबा. कळलं नाही. परत सांगा."

भाऊ सांगत होता की आईने हातातलं सूप खाली ठेवलं.

आता विचार करा. ऐंशी ओलांडलेल्या बाईला दिवसभर काय ऐकावं लागतं? "सांगितलंस ग मघाशी." "किती वेळा तेच?" "माहितेय, माहितेय." आणि इथे एक माणूस सातासमुद्रापलीकडून येऊन समोर मांडी घालून बसला होता आणि म्हणत होता, परत सांगा. आईने परत सांगितलं. मग आणखी एकदा सांगितलं. दुपारी दोनला गेलेला ब्रदर दिवेलागणीला उठला.

तेव्हापासून तो रोज जायला लागला. माझा डोळा बरा झाला तरी जातच राहिला. आईने त्याचं नाव महादू ठेवलं. ती त्याला नुसतं बसू देत नसे. सुकट निवड, चिंबोऱ्या धू, तांदळातले खडे काढ, मशेरी भाज. काम करता करता भाषा शिकवायची अशी तिची पद्धत, जिचा माझ्या बीएडच्या पुस्तकात कुठे उल्लेख नव्हता. खाडीतल्या माशांची नावं त्याला माझ्यापेक्षा जास्त यायला लागली. आणि एक दिवस सकाळी नऊ वाजता मी विचारलं, "'कृतज्ञता' म्हणजे काय?" तर तो प्रसन्न चेहऱ्याने म्हणाला, "मना ठाव न्हाय."

मी पुस्तक मिटलं. आतून बायको हसल्याचा आवाज आला.

"असं बोलायचं नाही," मी म्हणालो. "हे अशुद्ध आहे."

"थांबा, सर. अशुद्ध म्हणजे काय? आई बोलतात ते?"

मी चिडलो. परीक्षेत हे बोललास तर थेट विमानात बसवतील, असं मी सुनावलं. त्याला ते पटलं. होस्टेलला जायची त्याची इच्छा खरी होती. मग आम्ही दोघे हात धुऊन परीक्षेच्या मागे लागलो. 'माझी सेवेची वाट' या विषयावर मी त्याला दोन पानी भाषण लिहून दिलं. काय भाषा होती! त्याने ते घोटून घोटून पाठ केलं. राहता राहिला प्रश्न पंजाचा.

"हे बघ," मी म्हणालो, "परीक्षक काहीही विचारोत. कळो न कळो, तू मान हलव, 'हो, फादर' म्हण आणि भाषण सुरू कर. जग असंच पास होतं."

आम्ही तालीम केली. मी परीक्षक, बायको प्रेक्षक. मी अवघड प्रश्न विचारायचो आणि तो मान हलवण्यासाठी सगळा जीव गोळा करायचा. मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, डोळ्यांत पाणी यायचं, आणि शेवटच्या क्षणी हात आपोआप वर. "थांबा..." बायको म्हणाली, "अहो, नका छळू पोराला." मला वाटलं, हट्टी आहे झालं.

परीक्षा मिशनच्या हॉलमध्ये, सकाळी अकराला. वसईचे विद्वान फादर मधल्या खुर्चीत. शिक्षक म्हणून मला मागच्या रांगेत बसायची परवानगी मिळाली होती. ब्रदर मातेओ इस्त्रीचा झगा घालून उभा राहिला. पंचा नव्हता, त्यामुळे कपाळ निथळत होतं. वसईच्या फादरांनी चष्मा सारखा केला आणि विचारलं, "आपल्या जीवनप्रवासाच्या या वळणावर, परभूमीत सेवेचं जे व्रत आपण अंगीकारू पाहत आहात, त्यामागील अंतःप्रेरणा आपण विशद कराल काय?"

मी मनात म्हटलं, वा! याच प्रश्नाचं उत्तर पाठ आहे. फक्त हो म्हण.

पंजा वर.

"थांबा, फादर. कळलं नाही. परत सांगा."

फादरांनी परत विचारलं. आता वाक्य आणखी लांबलं, कारण विद्वान माणसं सोपं करायला गेली की त्यांना नवे शब्द सुचतात. पंजा खाली आला नाही. तिसऱ्यांदा विचारलं. मी मागून 'हो म्हण, हो म्हण' अशी इतक्या जोरात मान हलवत होतो की शेजारच्या सिस्टरने मला पाणी हवंय का विचारलं. वसईच्या फादरांनी पेन्सिल उचलली. मोठ्या फादरांनी डोळे मिटले. मला परतीचं विमान दिसायला लागलं.

"ब्रदर," वसईचे फादर पेन्सिल धरूनच म्हणाले, "तुमचं भाषण तयार आहे, असं मला सांगितलं गेलंय. नुसतं हो म्हणून बोलायला लागला असतात तर माझी काही हरकत नव्हती. का नाही म्हणालात?"

हे मात्र त्याला एका झटक्यात कळलं. तो म्हणाला, "मी हो म्हणत नाही, फादर. आधी म्हणायचो."

आणि मग तो सांगायला लागला. सुरुवात माझ्या छापील मराठीत झाली. दोन वाक्यांत ती भाषा त्याला पुरेना. तो अडखळला, त्याने खाली बघितलं, आणि पुढचं सगळं माझ्या आईच्या बोलण्यात बोलला.

"माजा आजा डोंगरातला. शेवटचे वर्साला तो आमचे घरा आयला. त्याला सहराची भाषा येत नव्हती. मना त्याची येत नव्हती. शालेत ती भाषा बोलली का पोरा हसाची, म्हनून मी शिकलूच न्हाय. तो रोज सांजचे मना जवल बसवाचा. माजा हात धराचा. काय तरी सांगाचा, लांब. रोज तीच गोष्ट, येवरा मना समजाचा. मी आपला मान हालवाचो. हो, हो. तो खुश व्हवाचा. त्याला वाटाचा, पोराला कलतंय. मंग तो मेला. तो काय सांगत व्हता, मना ठाव न्हाय. आता कोनालाच ठाव न्हाय."

वर्षभर मी ज्याला हट्ट म्हणत होतो तो पंजा आता त्याच्या छातीशी होता, आणि मला माझीच लाज वाटत होती. एवढ्या लांब येऊन, रिक्षात, भाजीबाजारात, लूमच्या खडखडाटात हा पोरगा एका मेलेल्या म्हाताऱ्याची माफी मागत फिरत होता, आणि मी त्याला मान हलवायला शिकवत होतो.

वसईच्या फादरांनी पेन्सिल खाली ठेवली. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "तुला होस्टेलला का जायचंय?"

"तिथली पोरा त्यांचे घरची भाषा बोलतान. शालेत कोनी तरी त्यांना म्हनाला पायजे ना, परत सांग."

तो पास झाला. शेऱ्याचा कागद मी नंतर पाहिला. व्याकरण: कामचलाऊ. लेखन: सुधारणेस वाव. बोलणे: राहनाळ. त्याखाली दोन रेघा मारलेल्या होत्या.

हॉलमधून आम्ही शेअर रिक्षाने परतलो. मी त्याचं अभिनंदन केलं, त्याने माझे आभार मानले. वाटेत तो म्हणाला, "सर, तुमच्या आई एक गोष्ट रोज सांगतात. तुम्ही धडा वाचायचात, ती. मला सगळी येते. तुम्हाला येते ना?"

"हो, हो," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. मला ती नजर सहन होईना, म्हणून मी म्हटलं, "काय आहे तिच्यात एवढं? तूच सांग."

"मी न्हाय सांगनार," तो म्हणाला. "ती तुमची हाय."

पुढच्या आठवड्यात तो अकलोलीला गेला. बटाट्यांचं पोतं त्याने त्या लूमच्या कारागिराला देऊन टाकलं.

मी दर रविवारी आईकडे जातो. तास-दीड तास बसतो, मोबाइल बघतो, ती बोलते, मी मान हलवतो. ही गोष्ट ती दर रविवारी सुरू करते, "तू धडा वाचाचास ना मोठ्यानी, तवा मी..." आणि मी दर रविवारी म्हणतो, "हो, हो, माहीत आहे." मला वाटायचं, माझ्या हुशारीचं कौतुक आहे. कौतुक किती वेळा ऐकायचं? त्यामुळे 'तवा मी'च्या पुढे ती गोष्ट कधी गेलीच नव्हती.

त्या रविवारी ती पडवीत तांदूळ निवडत होती. महादू गेल्याने जरा उतरलेली दिसली. मी बसलो. थोड्या वेळाने तिने सुरू केलं, "तू धडा वाचाचास ना मोठ्यानी, तवा मी..."

"हो..." माझ्या तोंडून निघालंच. पण मी ते मध्येच गिळलं. मोबाइल उलटा करून ठेवला. उजवा हात वर केला. कितीतरी वर्षं जे बोलणं मी तोंडातून काढलं नव्हतं, ते काढताना जीभ जड झाली.

"थांब, आये," मी म्हणालो. "कलला न्हाय. परत सांग."

आई सुपातला हात सुपातच ठेवून माझ्याकडे बघायला लागली. मग तिने सूप बाजूला सारलं.

"तवा मी मागले दारान बसाची," ती म्हणाली. "तांदूल निवडाचे नावान. तू वाचाचास, मी मनात बोलाची तुझे मागशी. तू शालेत जायला लागलास नं आमचेसारखा बोलना टाकलास. मना वाटला, आता हा माजेशी बोलाचा न्हाय. म्हनून मी पन शिकत व्हते रं तुझी भाषा."

"आयली?" मी विचारलं.

"सगली न्हाय आयली. एक वाक्य आयला. तुझे धड्यातला. तू मास्तर झालास, पयले दिशी घरा आयलास, तवा बोलनार व्हते. मंग लाज वाटली. तू हसशील म्हनून."

"न्हाय हसनार," मी म्हणालो. "कंचा वाक्य?"

आईने पदर सारखा केला. पाठ ताठ केली. वर्गात पुढे बोलावलेल्या मुलीसारखे दोन्ही हात मांडीवर ठेवले. आणि प्रत्येक अक्षर जपून, कुठेही न चुकता, माझ्या भाषेत म्हणाली,

"बाळ, तू दमला असशील, ये, माझ्याजवळ बस."

मी तिच्याजवळ सरकून बसलो आणि तिच्या सुपातले खडे निवडायला लागलो.